साइडपट्टीवर उतरायचं कोणी?

शिवारफेरी (घाटंजी, जि. यवतमाळ)

आमच्या गावाकडच्या रस्त्यावर उन्हाळ्यात नवं डांबर पडलं आणि पावसाळा संपायच्या आत भांडणं सुरू झाली. खड्डे होते तेव्हा बैलबंडी, सायकल, बोलेरो, एसटी सगळे एकाच चालीनं जायचे. आता रस्ता गुळगुळीत झाला, गाड्या साठ-सत्तरवर गेल्या आणि सायकल होती तिथंच राहिली, बारा-पंधरावर.

भांडणाचं वाक्य एकच. "खाली उतर ना बे!" गाडीवाला मागून हॉर्न दाबत येतो, त्याला वाटतं सायकलवाल्यानं साइडपट्टीवर उतरून वाट द्यावी. सायकलवाला उतरत नाही. मग गाडीवाल्याला वाटतं की हा मुद्दाम अडवतोय.

ज्यांनी इतक्यात सायकल हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जुन्या थरावर नवा थर टाकला, पण बाजूला मुरूम भरलाच नाही. त्यामुळे डांबराची कड साइडपट्टीपेक्षा जवळपास वीतभर उंच झाली आहे. चालत्या सायकलनं तिथून खाली उतरणं म्हणजे उडी मारणंच, आणि कॅरिअरवर गवताचा भारा असेल तर विचारूच नका. तरी उतरणं एकवेळ जमतं, वर चढणं जास्त वाईट. पुढचं चाक कडेला तिरपं घासत राहतं, हँडल वळत नाही, तोल जातो आणि माणूस पडतो तो डांबराच्या बाजूला, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीच्या पुढ्यात. शिवाय खाली बाभळीचे काटे आहेत. पंक्चर काढायला कोस-दीड कोस पायी ढकलत जायचं, हे ज्याचं त्यालाच माहीत.

मी स्वतः पिकअप चालवतो, कापूस-सोयाबीन मार्केटला नेतो. तेव्हा मला सायकलवाल्यांच्या पार्टीत टाकू नका. माझं म्हणणं एवढंच की अरुंद रस्त्यावर ज्याच्या पायाखाली ब्रेक आहे त्यानं आधी वेग सोडावा, मागं राहावं, रुंदी मिळाली की जावं. सायकलवाल्याला खड्ड्यात उतरवून काढलेली वाट ही आपल्या हक्काची नाही.

तुमच्याकडे काय चित्र आहे?

डिप्पर (दारव्हा)

शिवारफेरी भाऊ, बोलले ते बरोबर, पन एकाच बाजूचं बोलले. माहं आयुष्य गाडीवर गेलं. रात्री सातनंतर दारव्हा रोडनं येऊन पाहा. सायकलले ना दिवा, ना रेडियम. मानूस काया कपड्यात. समोरच्या गाडीचा अप्पर डोयात, त्यात तो सायकलवाला दिसते कधी? दहा पावलांवर आल्यावर. मंग ब्रेक मारा नाई तर देवाचं नाव घ्या.

आन गाडी कडेनं काहून नाई चालवत म्हनान तर रोही हाय, म्हंजे नीलगाय. डुकरं हायेत. तुरीतून कधी निंगन आन बोनेटवर येऊन पडन याचा नेम नाई. म्हनून आमी रात्री मधातूनच चालवतो. साइडपट्टीवर गाजरगवत छातीइतकं वाढलं की त्याच्यात सायकल हाय का वासरू, समजत नाई.

तिसरं, उलट्या बाजूनं येनारे. "समोरून गाडी दिसते म्हनून" म्हनते. अरे बाप्पा, आमालेबी तू समोरूनच दिसतो, जाऊ कुठं?

काटेसावर (अमरावती)

उलट्या बाजूचा हिशेब डिप्पर भाऊंच्या बाजूनं आहे. सायकल 15 आणि गाडी 60 नं चालली असेल, तर मागून येणारी गाडी सायकलला 45 च्या फरकानं गाठते. समोरून आली तर तेच 75 होतं. दोघांनाही सावरायला वेळ कमी मिळतो. पायी चालणाऱ्यानं उजवीकडून, गाड्यांकडे तोंड करून चालावं हे ठीक, तो चटकन बाजूला होऊ शकतो. सायकल हे वाहन आहे, तिनं डावीकडूनच जावं.

टोल_भरला (नागपूर)

रोड टॅक्स आम्ही भरतो, विमा आम्ही काढतो, डिझेलवरचा कर आम्ही देतो. सायकलवाल्याचा एक रुपया रस्त्यात नाही आणि रस्ता मात्र त्याच्या बापाचा. स्पष्ट बोललो, राग मानू नका.

जुना_बिल्ला (पुलगाव)

टोलभाऊ, तुमच्या वयाचा अंदाज आला. आमच्या वेळी सायकललाही कर होता. दरवर्षी कर भरून पत्र्याचा बिल्ला घ्यायचा आणि सायकलला लावायचा. बिल्ला नसला की सायकल अडवून ठेवत. रात्री दिवा नसला तरी पोलीस धरत, म्हणून डायनॅमो बिघडला की आम्ही कंदील हँडलला टांगून घरी येत असू. डबलसीट दिसलं की हवालदार हवा सोडून द्यायचा, ती शिक्षा दंडापेक्षा भारी. दिव्याची ती सक्ती मात्र चांगली होती असं आजही वाटतं.

बाकी, गावाच्या रस्त्यावर ज्या ट्रॅक्टरचं डिझेल जळतं तो ज्याच्या वावरात चालतो, तोच माणूस संध्याकाळी सायकलवर असतो.

मोजपट्टी (बांधकाम खात्यातून निवृत्त, वाशीम)

भावनेपेक्षा मापानं बोलू.

पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता साधारण 3.75 मीटर डांबरी असतो. वर्दळ फारच कमी असेल तिथं 3 मीटर. बोलेरो आरसे सोडून पावणेदोन मीटर रुंद. सायकलचं हँडल 60 सेंटिमीटर धरा. दोघांत दीड मीटर अंतर ठेवायचं म्हटलं तर 1.75 अधिक 1.5 अधिक 0.6, झाले 3.85. रस्ता 3.75. यात सायकल डांबराच्या अगदी काठावर चालते आहे असं धरलंय, प्रत्यक्षात कोणी तसं चालवू शकत नाही. म्हणजे ग्रामसडकेवर गाडीवाला स्वतःचं एक चाक खाली घातल्याशिवाय सायकलच्या बाजूनं नीट जाऊच शकत नाही. त्याचा स्वभाव कितीही चांगला असो.

आता साडेपाच मीटरचा रस्ता घ्या. कायद्यानं बसची कमाल रुंदी 2.6 मीटर. दोन बस समोरासमोर आल्या की 5.2. उरले 30 सेंटिमीटर. त्यात सायकल बसवून दाखवावी. म्हणून समोरून मोठी गाडी येत असेल तर सायकलच्या मागं थांबायचं, दुसरा इलाजच नाही.

आणखी एक. ग्रामसडकेची साइडपट्टीसकट रुंदी 7.5 मीटर धरलेली असते. त्यातून 3.75 वजा करा. कागदावर जितकं डांबर तितकीच साइडपट्टी! ती गेली कुठं? काही मुरूम न भरल्यामुळं गेली. काही दरवर्षी एकेक सरी नांगर पुढं सरकवून धुऱ्यानं, म्हणजे शेताच्या बांधानं, खाल्ली. खात्याला शिव्या देताना हेही लिहा.

शिवारफेरी

मोजपट्टी काका, 3.85 आणि 3.75 हे चहाच्या टपरीवर खडूनं लिहून ठेवतो. धुऱ्याचंही खरं आहे. आमच्याच शिवारात दोन ठिकाणी तूर डांबराला टेकली आहे.

झरीची_ताई (झरी जामणी)

मी शाळेत शिकवते. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना. दूरच्यांसाठी निळ्या बस आहेत. म्हणजे आमच्या शाळेचा रस्ता सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला मुलींच्या सायकलींनी भरलेला असतो. इथं "तीन-तीनच्या रांगा करून चालतात" ही तक्रार येणारच, म्हणून आधीच लिहिते.

त्या तीन-तीन का चालतात हे विचारलंय का कोणी? गप्पा हे एक कारण आहेच, मुलीच त्या. पण दुसरं कारण मोटारसायकलवरची पोट्टी. एकटी किंवा रांगेत शेवटी राहिलेली मुलगी दिसली की जवळून कट मारायचा, कानाशी हॉर्न वाजवायचा, ओढणीला हात घालायचा. घोळक्यात ते होत नाही. त्या मुली रस्ता अडवत नाहीत, एकमेकींना सांभाळतात.

आम्ही यातून एक रीत काढली. शेवटच्या सायकलवर मोठ्या वर्गातली मुलगी. मागून गाडीचा आवाज आला की ती "गाडीऽऽ" अशी हाळी देते आणि सगळ्या एकामागं एक होतात. गाडी गेली की पुन्हा जोड्या. उन्हाळ्यात मात्र ही हाळी चालत नाही, कारण दुपट्टा कानावरून घट्ट बांधलेला असतो, काहीच ऐकू येत नाही. गाडीवाल्यांनी हे लक्षात ठेवावं: एप्रिल-मेमध्ये विदर्भातला सायकलवाला बहिरा आहे असंच धरून चालायचं. हॉर्न दिला म्हणजे त्याला कळलं, असं नसतं.

आणि हॉर्न द्यायचाच तर लांबून, छोटा. अगदी पाठीशी येऊन वाजवला की मूल दचकतं आणि हँडल आवाजाच्या दिशेनं वळतं.

डिप्पर

ताई, हे मले मालूम नोतं. घोयक्याचं. कट मारनाऱ्या पोट्ट्यायचा नंबर घेऊन ठान्यात द्या, आमी गाडीवाले साक्षीले येतो. अठराच्या आतल्या पोराच्या हाती गाडी देनाऱ्या बापालेबी दंड हाय ना आता?

मोजपट्टी

आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. कायद्यात आहे असं म्हणतोय, होतं असं म्हणत नाही.

वणीकर (वणी)

तुम्ही लोक सुखी आहात. आमच्याकडे कोळशाचे ट्रक. पावसात साइडपट्टीवर काळा चिखल, उन्हाळ्यात काळी धूळ. ट्रक गेला की पुढची काही पावलं सायकलवाल्याला काहीच दिसत नाही, आणि त्याच धुळीतून मागची दुचाकी ओव्हरटेक करत येते. इथं आदर वगैरे नंतर, आधी ताडपत्री झाका आणि पाणी मारा.

लालपरी (एसटीत चालक, डेपो नका विचारू)

ताईंचं दचकण्याचं शंभर टक्के खरं. नव्या पोरांना मी एवढंच सांगतो की सायकलच्या मागं थांबायला किती वेळ जातो ते एकदा मोजा. सायकल 15 नं चालली आहे आणि पुढं दोनशे मीटरवर रुंद जागा आहे. तिच्या मागं राहिलात तर 48 सेकंद. पन्नासनं गेला असता तर 14 सेकंद. तोटा साधारण अर्ध्या मिनिटाचा. एवढा वेळ तर स्टँडवर कंडक्टर सुट्ट्यासाठी घालवतो.

सायकलवाल्यांनाही एक विनंती. बस थांब्यावर उभी राहिली की डावीकडून, दाराच्या बाजूनं घुसू नका. तिथं उतरणारी माणसं असतात, आणि बस हलली तर त्या कोपऱ्यात तुम्ही मला आरशात दिसत नाही. उजवीकडून जायचं तर मागं पाहून, हात दाखवून. आणि ट्रॅक्टरवाल्यांनो, तुमचं मुंडकं सायकलच्या पुढं गेलं म्हणजे तुम्ही गेलात असं नाही! मागं ट्रॉली आहे, तिच्यावर जाळी लावून फुगवलेलं कुटार (भुसा) आहे. ट्रॅक्टर सुखरूप जातो आणि ट्रॉली सायकलवाल्याला घेऊन जाते.

पळसफूल (परतवाडा)

पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळल्या झाडांच्या) बंडीचंही तसंच. दोन्हीकडून हातहातभर बाहेर.

काटेसावर

मी सुटीच्या दिवशी परतवाड्याहून चिखलदऱ्याला सायकलनं चढतो. (हो, तो घट्ट कपड्यांवाला मीच. हसून घ्या.) घाटात वर चढताना माझा वेग आठ-नऊ, आणि वळणावर मागचा माणूस समोरचं न पाहता बाहेर काढतो. समोरून गाडी आली की तो आत घेतो, म्हणजे माझ्या अंगावर.

जर्मनीत 2020 पासून नियमच आहे. सायकलला ओलांडताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर. आपल्याकडेही असा आकडा हवा.

टोल_भरला

जर्मनीला जा मग.

मोजपट्टी

काटेसावर, वर मांडलेला हिशेब पुन्हा वाचा. 3.75 च्या रस्त्यावर दोन मीटरचा नियम म्हणजे ओलांडायला बंदीच. आपल्याकडे नियम अंतराचा नको, वेगाचा हवा. अंतर देता येत नसेल तर सायकलच्या वेगावर या, तिला चांगली जागा दिसू दे, ती थांबेल, मग जा. आमच्या भागात जुनी माणसं हेच करत, कारण समोर बैलबंडी असायची आणि बैल बुजले तर गाडीवालाच अडकायचा.

पळसफूल

वेगावरून आठवलं. समृद्धी महामार्गावर सायकल, दुचाकी, ट्रॅक्टर कोणालाच परवानगी नाही, ते ठीकच. पण कारंजा, मेहकर, धामणगाव अशा ठिकाणी लोक त्या रस्त्यावरून खाली उतरतात ते तासन् तास 120 नं येऊन. डोळ्याला तोच वेग बसलेला असतो. 80 वर आणलं तरी त्यांना वाटतं आपण रांगतोय. आणि उतरल्या उतरल्या समोर दुधाच्या कॅना लावलेली सायकल. उतारावर मोठी पाटी हवी: "इथून पुढं गाव आहे."

बोंड (हिंगणघाट)

एक विचारतो. सायकलवाल्याला धडक लागली तर गाडीवाले पळून का जातात? माझ्या काकांना असंच टाकून गेले. गाडी सापडली नाही. काका वाचले, पाय गेला.

डिप्पर

भाऊ, वाईट झालं. पन खरं सांगतो, थांबलं तर गाव मारते. चूक कोनाची हे कोनी इचारत नाई, मोठ्या गाडीवाल्याचीच. म्हनून पयतात. बरोबर हाय असं नाई म्हनत.

कागदपत्र (यवतमाळ)

बोंड, आधी तुमचं काम. धडक देऊन पळालेली गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. 1 एप्रिल 2022 पासून मृत्यू झाल्यास 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार. आधीची रक्कम याहून फार कमी होती. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसील कार्यालयात करायचा, सोबत पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद लागतात. अपघात कधीचा आहे ते पाहा आणि ठाण्यात नोंद झाली होती का ते आधी तपासा. नोंद नसेल तर अडचण येते.

डिप्पर भाऊ, तुमच्या भीतीची दखल कायद्यानंच घेतली आहे. कलम 134 म्हणतं की चालकानं जखमीला उपचार मिळवून द्यावेत, पण जमाव चवताळला असेल आणि थांबणं शक्यच नसेल तर तेवढी सूट आहे. मात्र ती पळून जाण्याची सूट नव्हे. पुढच्या पोलीस ठाण्यात जाऊन सांगायचं, उशिरात उशिरा चोवीस तासांत. आणि रस्त्यानं जाणाऱ्या तिसऱ्या माणसानं जखमीला दवाखान्यात नेलं तर त्याला नाव-गाव सांगायची सक्ती करता येत नाही. ते 134-अ, तेही 2019 च्याच दुरुस्तीतलं. हे निदान ग्रामपंचायतीच्या फलकावर तरी लागायला हवं.

बोंड

ठाण्यात नोंद आहे. सोमवारी जातो. आभारी आहे.

झरीची_ताई

रेडियमचं काय करायचं? आम्ही शाळेत लाल पट्ट्या मागच्या मडगार्डला चिकटवल्या, पहिल्या पावसात निघाल्या.

लालपरी

ताई, मडगार्डवर धूळ-तेल असतं. आधी रॉकेलनं नाही, साबणाच्या पाण्यानं पुसा, कोरडं करा, मग चिकटवा. आणि ट्रकच्या मागं लावतात ती जाड पट्टी मागा, गाडीच्या नंबरवाल्याकडं मिळते, सजावटीची पातळ नको. मागं लाल, पुढं पांढरी. पॅडलचे पिवळे तुकडे तुटले असतील तर तेही बसवा. वरखाली होणारा उजेड लांबून ओळखू येतो की ही सायकल आहे.

डिप्पर

आमच्या इकडं मी दोन रोल देतो. दारव्ह्याच्या कोनत्याबी शायेनं मेसेज करा. बदल्यात पोट्टे उलट्या बाजूनं येनार नाईत एवढं सांगा.

मोजपट्टी

शिवारफेरी, तुमचा रस्ता कोणत्या योजनेतला आहे? ग्रामसडकेचा असेल तर सुरुवातीला फलक असतो. त्यावर ठेकेदार, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि देखभालीची मुदत लिहिलेली असते. पाच वर्षं देखभाल ठेकेदाराकडेच असते आणि साइडपट्टी भरणं त्यातच येतं. मुदत शिल्लक असेल तर गावानं पैसे काढायची गरज नाही, उपअभियंत्याला अर्ज करा, सोबत कडेला पट्टी लावून काढलेला फोटो जोडा. "कड 18 सेंटिमीटर उंच" असं लिहिलं की साहेब वाचतात. "रस्ता धोकादायक आहे" असं लिहिलं की फाइल खाली जाते.

शिवारफेरी

फलक पाहून आलो. अर्धा पोस्टरनं झाकला होता, खरवडून वाचला. मुदत आहे अजून. सरपंचांशी बोललो, ते म्हणाले अर्ज कशाला, आपणच लोकवर्गणीतून मुरूम टाकू, ट्रॅक्टर आहेत गावात.

कागदपत्र

थांबा. गावच्या टेकडीचा मुरूम उचलला तरी गौण खनिजाची परवानगी लागते, तहसीलमधून. नाहीतर ट्रॅक्टर जमा होतील आणि साइडपट्टी तशीच राहील. मोजपट्टी काका म्हणतात तसं ठेकेदारालाच करायला लावा. ग्रामसभेचा ठराव जोडा.

शिवारफेरी

बरं. अर्जाचा नमुना आहे का कोणाकडं? आणि तूर डांबराला टेकलेल्या दोघांना कोण सांगणार? त्यातला एक सरपंचांचा साडू आहे.

मोजपट्टी

नमुना रात्री टाकतो. साडूचं तुमचं तुम्ही बघा.